सावलीची मोजणी

खोली बघायला मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो ती वैशाखातली दुपार होती. जळगावात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अंगणात कडुनिंबाखाली एक खाट होती आणि तोंडावर ओला पंचा टाकून एक उंच, सडपातळ गृहस्थ त्या खाटेवर पडले होते. मी दोनदा "काका" म्हणून हाक मारली. पंचा न काढताच ते म्हणाले, "थांबा जरा. अजून शिवारात आहे. पोचतो इतक्यात."

मी ओट्यावर बसून राहिलो. पाच-सात मिनिटांनी ते उठले, पंचा पिळून दोरीवर टाकला आणि मला विचारलं, "झोपेत बोलता का?"

"नाही."

"मग हरकत नाही. मी बोलतो. ऐकू आलं तर उत्तर देऊ नका, कामात खंड पडतो."

एवढ्यावर खोली मला मिळाली. मी सातपुड्याच्या पायथ्याचा, शिरपूरकडच्या एका खेड्यातला. पाइपच्या कारखान्यात, पाइप तपासायच्या विभागात नुकताच लागलो होतो. ओळखीचं कोणी गावात नव्हतं. त्या घरात चार वर्षं राहिलो.

गल्ली त्यांना आबा म्हणायची. सरकारी नोकरीत ते भूकरमापक होते. म्हणजे गावोगाव जाऊन लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि हद्द कुठून कुठे जाते ते खुणा करून दाखवायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पत्नी गेली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन धुळ्याला होती. पण मोजणी काही सुटली नव्हती. दुपारी जेवून खाटेवर पडले की ते पुन्हा कामावर रुजू व्हायचे, आणि संध्याकाळी चहा पिताना त्याचा अहवाल मला मिळायचा. रविवारी तर मी त्यासाठीच घरी थांबायचो.

"आज रावेरला होतो," ते सांगायचे. "केळीच्या बागेत मोजणीची साखळी ओढत होतो. संपेचना. मी हद्दीचा दगड रोवला की तो दोन पावलं पुढे सरकायचा. बकरीसारखा. शेतकरी म्हणाला, साहेब, राहू द्या, दिवस मावळला की येतील आपोआप घरी."

"मग?"

"मग काय. बसलो वाट बघत. तेवढ्यात तुम्ही स्टोव्ह पेटवलात."

एकदा त्यांनी तापी मोजली. पाणी मापात बसेना म्हणून नदीलाच विनंती केली, आणि ती थोडा वेळ थांबली, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. थांबलेली नदी कशी दिसते, असं मी विचारलं. डोळे मिटून त्यांनी बराच विचार केला. "कापसाच्या गंजीसारखी," ते म्हणाले.

जागेपणीही त्यांचं असंच होतं. भाजीबाजार घरापासून नऊशे साठ पावलं, आणि परत येताना नऊशे नव्वद, कारण हातात पिशवी असते. बुद्ध विहार बाराशे दहा. कुठलीही वस्तू ते "माझी" म्हणायचे नाहीत. पश्चिमेची खोली, उत्तरेचा नळ, पूर्वेचा निंब. माझी खोली पश्चिमेची होती. उन्हाळ्यात दुपारनंतर तिच्यात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, म्हणून मीही सुट्टीच्या दिवशी निंबाखालीच पडलेला असायचो.

निंब घराच्या पूर्वेला होता. घर, मग अंगण, त्यात निंब, निंबापासून पाच फुटांवर कुंपणाची भिंत, आणि त्या भिंतीला टेकूनच नानांचं घर. नाना डाळ मिलमध्ये यंत्रावर कामाला होते. घर त्यांनी स्वतः राबून, एकेक खोली करत बांधलं होतं. आमच्या बाजूच्या खोलीवर अजून पत्रेच होते. तिच्यात त्यांचे वडील असायचे. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, दिवसरात्र खाटेवर. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांची खाट ज्या भिंतीला लागून होती, त्याच भिंतीला तडा गेला होता.

तडा निंबाच्या मुळीने गेला होता, यात कोणालाच शंका नव्हती. कुंपणाची भिंत आधी फुगली, मग नानांची चिरली. आबांनी त्या तड्यावर काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवल्या होत्या. एक आमच्या बाजूला, एक नानांच्या खोलीत. भिंत हलली की काच तडकते, मग तडा वाढतोय हे कळतं. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आबा नानांच्या दारात जायचे. आत जाऊन आधी बाबांना नमस्कार करायचे, मग चष्मा चढवून काच बघायचे. बाबा अर्ध्या ओठाने विचारायचे, "काय म्हणस निंब?"

"आज गप्प आहे," आबा म्हणायचे.

माझ्या चौथ्या वर्षी चैत्रात निंबाला मोहोर फार आला. बारीक पांढरी फुलं दिवसभर गळायची. खाटेवर, पाण्याच्या माठावर, आबांच्या झोपलेल्या अंगावर. सगळी गल्ली त्या गोडसर, कडवट वासात गुंगल्यासारखी झाली होती. अशाच एका सकाळी नाना हातात गिलाव्याचा ढपला घेऊन आमच्या अंगणात आले. ढपला वीतभर होता.

"आबा, हे बघा. बाबांच्या उशीवर पडलं. चार बोटं इकडे असतं तर?"

आबांनी ढपला हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काच कधी तडकली?"

नाना तसे शांत माणूस. पण त्या प्रश्नाने त्यांचा तोल गेला. "काचेचं काय घेऊन बसलात! दोन वर्षं झाली, तुम्ही नुसतं मोजताय. झाड पाहिजे का माणूस पाहिजे, तेवढं एकदा सांगून टाका!"

नाना गेल्यावर आबा ढपला मांडीवर घेऊन खाटेवर बसून राहिले. त्या दुपारी ते झोपले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बरोबर बोलले ते. मी नुसतं मोजत बसलो."

नानांनी महापालिकेत अर्ज दिला, झाड तोडायला परवानगी मिळावी म्हणून. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. पण रविवारी सकाळी आबा धुतलेला सदरा घालून निघालेच. मी म्हणालो, "आबा, आज नका जाऊ." ते म्हणाले, "काचेला काय भांडण कळतं?" आणि गेले. मी कुंपणावरून बघत होतो. नानांनी दार उघडलं, शब्द न बोलता बाजूला झाले. आबा आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले. नानांनी दार लावलं. पुढचे तीन रविवार हे असंच झालं.

मग एक दिवस झाडांचे अधिकारी पाहणीला आले. बरोबर टेप घेतलेला एक कर्मचारी होता. गल्लीतली पाच-दहा माणसं जमली. अधिकारी तरुण होते, बोलायला नीट. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असलं तर ते पुरातन धरतात, त्याला हात लावणं जवळजवळ अशक्य. पन्नासच्या आतलं असेल तर महापालिकेच्याच वृक्ष समितीला ठरवता येतं, आणि भिंतीची अवस्था बघता परवानगी बहुतेक मिळेल. मग त्यांनी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजला, वर फांद्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "साठीचं तरी असेल. जास्तच."

नानांचा चेहरा उतरला. मला मात्र हायसं वाटलं. निंब वाचला होता.

"थांबा जरा," आबा म्हणाले आणि घरात गेले.

ते बाहेर आले ते एक जुनी, कापडी बांधणीची वही घेऊन. हा प्लॉट घेतला तेव्हा त्यांनी स्वतःच तो मोजला होता, त्याची ती नोंद. पानं पिवळी पडली होती, शाई तपकिरी झाली होती. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "पूर्व हद्दीपासून पाच फुटांवर कडुनिंबाचं रोप. उंची गुडघाभर." मग वही अधिकाऱ्यांपुढे धरली. "याला पंचेचाळीस वर्षं झाली. पन्नास नाहीत."

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "आबा, हे सांगितलंत तर झाड पुरातनात बसणार नाही. तुम्हाला नक्की आठवतंय?"

"आठवत नाही," आबा म्हणाले. "लिहिलंय."

मी त्या दिवशी त्यांच्यावर रागावलो होतो. संध्याकाळी चहा ठेवला नाही. तेच माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसले. मग म्हणाले, "चोपड्याकडे एकदा मोजणीला गेलो होतो. झोपेत नाही, खरोखर. तर हद्द एका बाईच्या चुलीवरून गेली. चूल पलीकडच्याच्या जागेत निघाली. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, बाई, माप लागलं तसं घ्यावं लागतं. ती भांडली नाही हो. टोपलीत राख भरून घेतली आणि उठली." ते थांबले. "आज मी दुसरं काही बोललो असतो, तर त्या बाईला मी काय सांगितलं होतं?"

झाडावर नोटीस लागली. हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. गल्लीतल्या दोघातिघांनी आबांना हरकत घ्यायला सांगितलं. "कशी घेऊ?" ते म्हणाले. "तडा खरा आहे. मीच मोजलाय."

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमची खोली थोडे दिवस परत मिळेल का?" समितीचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल, पण बाबांना त्या भिंतीखाली ठेवायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी ओसरीवर पथारी टाकायला कबूल झालो. नाना आधी तयार होईनात. आबा त्यांच्या दारात उभे राहून म्हणाले, "आपलं भांडण राहू द्या तसंच. बाबांना हलवा." शेवटी चौघांनी मिळून बाबांना खाटेसकट उचललं आणि पश्चिमेच्या खोलीत आणलं. अंगणातून जाताना बाबा उताणे, वर निंबाकडे बघत होते. मोहोराची फुलं त्यांच्या तोंडावर पडली, ती पुसायला त्यांचा हात उचलत नव्हता. आबांनी पुसली.

मग आबांनी ते काम काढलं, ज्यामुळे गल्लीत त्यांना लोक कायमचं वेडं म्हणायला लागले. बाजारातून फक्कीची पिशवी आणली. मैदानावर रेषा मारायला असते ती पांढरी पूड. दुपारी बारा वाजता डोक्याला पंचा गुंडाळून ते बाहेर पडले आणि निंबाच्या सावलीच्या कडेकडेने फक्कीची रेषा ओढत गेले. फांदी न् फांदी, खाच न् खाच. आत लिहिलं, बारा. एक वाजता सावली सरकली, तेव्हा दुसरी रेषा. मग दोन. जमिनीवर एकात एक अडकलेले मोठाले पांढरे आकार दिसू लागले, ढग खाली उतरून बसल्यासारखे. वाऱ्याने रेषा पुसायच्या, फुलं त्यांवर सांडायची, दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा ओढायचे.

"हे समितीला दाखवायचंय का?" मी विचारलं.

"नाही हो. झाड गेलं की सावली कुठपर्यंत होती ते कोणालाच सांगता येणार नाही. नोंद असावी."

दोन वाजेपर्यंत सावलीची कड अंगण ओलांडून कुंपणावर चढायची. तीनला ती नानांच्या भिंतीवरून पत्र्यांवर. आमच्या घराला तिचा दुपारी काडीचा उपयोग नव्हता. हे मला चार वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. आबांची रेषा भिंतीपाशी येऊन थांबायची. म्हातारपणी पत्र्यावर चढणं शक्य नव्हतं. मला कारखान्यातून यायला सहा वाजायचे.

रविवारी तीन वाजता ते असेच भिंतीपाशी फक्कीची डबी घेऊन उभे होते. नाना त्यांच्या दारात बसले होते. बघत होते. मग उठले, आबांच्या हातातली डबी घेतली आणि शिडी लावून पत्र्यावर चढले. अनवाणीच. सावलीतल्या पत्र्यावर ते सावकाश वाकून रेषा ओढत गेले. एका ठिकाणी फांद्यांमध्ये खिंड होती, तिथे सावली संपत होती. रेषा ओढता ओढता त्यांचा एक पाय पलीकडे उन्हातल्या पत्र्यावर पडला. "आई गं!" असं ओरडून त्यांनी पाय मागे घेतला आणि तिथेच एका पायावर उभे राहिले. तळवा हातात धरून. खाली आबा, मी, दोघेही वर बघत होतो. नाना खाली बघायला तयार नव्हते. पाय भाजला त्यापेक्षा जास्त वेळ ते तिथे तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती रेषा पुरी केली.

खाली उतरल्यावर त्यांनी डबी परत दिली. "चारची पण काढायची का?"

"काढा," आबा म्हणाले.

इकडे पश्चिमेच्या खोलीत बाबांचे हाल होत होते. पंखा गरम वारा फेकायचा. चार दिवस त्यांनी सहन केलं. पाचव्या दिवशी नाना ताट घेऊन आले तर बाबांनी तोंड फिरवलं. त्यांना आपल्या खोलीत परत जायचं होतं. "माले मनी खोलीमा लई चाल," ते म्हणाले. "आठे जीव जास मना. तठे गार शे."

"बाबा, तठे भीत पडी जाई ना!"

"पडू दे. गार तं शे."

नाना ताट हातात घेऊन उभे राहिले. आबा दारात होते, ते मागे सरकले आणि अंगणात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना एका म्हाताऱ्या गवंड्याला घेऊन आले. बोलताना आबांच्या चेहऱ्याकडे न बघता निंबाच्या बुंध्याकडे बघत होते. "हे मिस्त्री म्हणतात, मुळीच्या दोन्ही बाजूंना खांब घेऊन वरून बीम टाकता येतो. मुळी खालून जाईल, भिंत वरून. पण मापं बरोबर लागतात म्हणे." मग म्हणाले, "मापं तुम्ही द्या."

अर्ज नानांनी बदलला. पत्र्यावर झुकलेली एक मोठी फांदी तेवढी काढायची परवानगी मागितली, ती मिळाली. खोदलं तेव्हा पायाखाली मांडीएवढी मुळी निघाली, ओलसर, लालसर. मिस्त्री तिला हात लावून म्हणाला, "एवढी मोठी हाये आन् आपन वरून भांडून ऱ्हायलो." खांब घ्यायला नानांच्या बाजूला जागा पुरेना. आबांनी कुंपणाची भिंत तेवढ्या लांबीत पाडून टाकली आणि खांब आपल्या जागेत फूटभर आत घ्यायला लावला. कागद करायचा का, असं नानांनी विचारलं. आयुष्यभर हद्दी दाखवत आलेला माणूस म्हणाला, "कशाला?"

भिंत झाली. बाबा परत आपल्या खोलीत गेले. कुंपणाची ती मोकळी झालेली जागा तशीच राहिली, आणि दोन्ही घरांची माणसं तिथूनच ये-जा करायला लागली. फांदी गेल्यामुळे त्या वर्षी पत्र्याचा एक कोपरा तापायचा. नाना त्यावर गोणपाट भिजवून टाकायचे, तक्रार करायचे नाहीत.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. शेवटच्या आजारात आबाही तिथे मुलीकडे होते, तिसऱ्या मजल्यावर. मी भेटायला जायचो. खूप झोपायचे. दर पंधरा दिवसांनी नाना जळगावहून बसने यायचे, तासभर उशाशी बसायचे आणि परत जायचे. दोघं फारसं काही बोलायचे नाहीत.

आबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या मुलीने जळगावलाच, त्या अंगणात ठेवला. वंदना झाली. खात्यातले एक जुने सहकारी बोलले, विहारातले एक जण बोलले. मग कोणीतरी नानांना उभं केलं. नाना हात पुढे बांधून उभे राहिले. त्यांना बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं.

"झाडाचे साहेब आले होते त्या दिवशी," ते म्हणाले, "मी घरात दोन माणसं बसवून ठेवली होती. निंब तीस वर्षांचा आहे, आमच्या डोळ्यांसमोर लागला, असं ती सांगणार होती. पन्नासचा नियम मला अर्ज देतानाच कळला होता, मीच त्यांना शिकवलं होतं. मला वाटायचं निंब शंभरचा आहे, आणि झाड वाचवायला आबा काहीही बोलतील. मग आपण का नाही? साहेब साठ म्हणाले तेव्हा मी त्या माणसांना हाक मारणारच होतो. तेवढ्यात आबा वही घेऊन बाहेर आले."

नानांनी वर निंबाकडे बघितलं.

"त्या दोघांना मी मागच्या दाराने घालवलं. बायकोलाही कधी सांगितलं नाही. आबांना सांगायचं म्हणून धुळ्याला जायचो. दर वेळी ठरवून जायचो. बसायचो, आणि उठून यायचो."

एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. आता कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं. पुढे आबांची मुलगी बसली होती. ती सतरंजीवर थोडी सरकली, आणि नाना तिच्या शेजारी, घरच्या माणसांच्या रांगेत बसले.